दुसऱ्या कडव्यापाशी

वाद पास्कूने काढला, बर्फाच्या गाडीची वाट बघता बघता,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर.
खरं संगीत साठ ते सत्तर, म्हणाला, पुढचा सगळा भुसा.
तो म्हणणारच. तेव्हाच्या एकेका गाण्यात
त्याच्या ट्रम्पेटला सोळा मात्रांची तरी जागा असायची,
आणि वरातीत गाल फुगवून तो ती भरायचा.
मग एका पेटीत अख्खा बँड मावला,
एक बोट दाबलं की चाळीस व्हायोलिनं.
पास्कूचा लाल कोट अजून खुंटीला आहे,
पितळी बटणं तेवढी हिरवी पडली.

गप ऱ्हव रे, विजू कुबल म्हणाली. नव्वदीची गाणी ती गाणी.
स्वतः विकलेल्या पहिल्या पापलेटांच्या पैशातून
तिने कॅसेट आणली होती, नवऱ्याला न सांगता,
टोपलीत, केळीच्या पानाखाली.
खवले चिकटलेलं ते कव्हर तिने कधी पुसलं नाही.

मी बोललो नाही. मी रेडिओ-टेप दुरुस्तीवाला,
माझ्याकडे दशकं येतात ती तुटलेलीच.
फीत कुठे विरलीय ते उजेडात धरलं की कळतं,
माणसाने कुठून कुठे पुन्हा पुन्हा मागे नेली.
अख्खं गाणं कोणालाच नको असतं.
कुणाला एक हुंकार,
कुणाला बासरी लागण्याआधी कुणीतरी घेतलेला श्वास.
विजूच्या कॅसेटचं सांगू नये, पण सांगतो:
नऊ सेकंदं. तेवढ्या जागेतून पलीकडचं दिसतं.

भालू खवणेकर एवढा वेळ जाळं तुणत होता.
दातांनी दोरा तोडून म्हणाला, अठ्ठ्याहत्तर.
दशक विचारलंय, वर्ष नाही, पास्कू खेकसला.
अठ्ठ्याहत्तर, भालू म्हणाला.

त्या साली होडीवर एक रेडिओ होता, रबराने बांधलेला,
आणि मालक इतका कंजूस की सेल नवे मिळायचे नाहीत.
तेच सेल बांगड्यांशेजारी उन्हात वाळवायचे.
वाळले की दीड मिनिट चालायचे,
एक मुखडा, एक कडवं,
मग आवाज बारीक, मग नुसतं पाणी.
पुढचं कडवं भालूच्या भावाने बांधलं, जगूने.
तीन ओळी पेडव्यांवर, एक मालकाच्या बायकोवर,
चाल तीच.
सहा मोसम होडीवर गाणं तसंच म्हटलं गेलं.
जगू सत्त्याऐंशीत गेला. कसा, ते बंदरावर कोणी बोलत नाही.

विजूचा नातू वेदू, बारा वर्षांचा,
त्याच्या मोबाइलमध्ये सगळी दशकं एकाच भावाने.
कुठलं गाणं आजोबा, म्हणाला, आणि लावलंसुद्धा.
मुखडा आला. भालूची सुई थांबली.
पहिलं कडवं. पास्कूची बोटं गुडघ्यावर नसलेल्या कळा दाबत होती.
मग दुसरं आलं,
स्वच्छ, व्हायोलिनांसकट, कुणा मोठ्या कवीचं,
चंद्र होता त्यात, आणि कुणाची तरी वाट.

भालूने माझ्याकडे पाहिलं, मीच केलं असावं तसं.
ह्यां मदी कोणी घातल्यान?
मी म्हटलं, आधीपासून होतं.
मान हलवली त्याने. नाय.
हयसर तोड.

चाळीस वर्षं मी जोडत आलो,
ब्लेड, चिकटपट्टी, नखाने दाबलेली फीत.
तोड म्हणणारा पहिलाच.
आणि मोबाइलला ब्लेड लावणार कुठे?

मग त्यानेच पंजा ठेवला त्या छोट्या भोकांवर,
जाळ्याने चिरत चिरत जाड झालेला पंजा,
आणि समुद्राकडे तोंड करून ओठ हलवत राहिला.
आम्हाला ऐकू आलं नाही काही.
पेडवे हा शब्द तेवढा मी ओठांवरून ओळखला.
विजू दुसरीकडे बघत होती.

हिशेब चुकला असेल त्याचा, किंवा जगूचं कडवं लांब असेल.
हात उचलला तेव्हा ते गाणं संपून
आपोआप पुढचं लागलं होतं,
पुढच्या दशकातलं, खूप ढोलकं असलेलं.

बर्फ इलो, विजू म्हणाली, आणि सगळे उठले.